मायलेकींची तीन दिवसांची वाट : आंबिवली ते जुन्नर

आपल्या वस्तीतल्या बायका घराबाहेर पडत नाहीत असे कोणी म्हणू नये. १४ एप्रिलला त्या मिरवणुकीत असतात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत असतात, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, आणि पैसे साठले असतील त्या वर्षी दीक्षाभूमीलाही जाऊन येतात. वर्षावासात विहाराची बस निघाली की कान्हेरी नाहीतर कार्ले होते. मात्र ह्या प्रत्येक वेळी बाईच्या हातात पंधरा माणसांचा डबा असतो, काखेला कोणाचे तरी मूल असते आणि परतताना तिला विचारले की काय पाहिलेस, तर ती गर्दीचेच वर्णन करते. आई आणि वयात आलेली मुलगी अशा दोघीच नुसते पाहायला म्हणून निघाल्या, हे आमच्या चाळीत आम्ही तरी पाहिलेले नाही. दोघी निघाल्या तर शेजारीण विचारते, "दवाखान्यात का?"

आम्ही येत्या डिसेंबरात निघणार आहोत. दवाखान्यात नव्हे, जुन्नरला. तीन दिवस. लेकीचे लग्न वैशाखात ठरले आहे आणि सासर विदर्भातले आहे. त्यानंतर ती आमच्याकडे येईल ती पाहुणी म्हणून, दोन दिवसांची रजा मोजत. म्हणून हे तीन दिवस. ह्या बेताची हकीकत आम्ही लिहीत आहोत ती एवढ्यासाठी, की आमच्यासारख्या आणखी दोघीचौघी असतील तर त्यांची विचारपूस वाचेल.

लेकीच्या मनात आधी आल्प्स होते. युरोपातले डोंगर, हिरवी कुरणे, तळ्याकाठचे राजवाड्यासारखे किल्ले, आणि आई नि मुलगी भाड्याची मोटार घेऊन ह्या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर. हिंदी सिनेमाने आपल्या पोरींना स्वित्झर्लंड इतके दाखवले आहे की माळशेज त्यांना नंतर कळतो. आम्ही हसण्यावारी नेले नाही. दोघींनी बसून हिशेब केला. दोघींचे पासपोर्ट. मग शेंगेन नावाचा व्हिसा. त्याची फी २०२४ च्या जूनपासून माणशी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. वर निदान तीस हजार युरोंचा प्रवासविमा दाखवावा लागतो आणि बँकेचे खातेही. विमानाच्या तिकिटापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. लेक म्हणाली, "आई, हे माझ्या पोरीला घेऊन मी करीन." करील ती. बाबासाहेब १९२२-२३ च्या सुमारास अभ्यासासाठी जर्मनीत बॉन शहरी गेले होतेच. त्या देशांची वाट आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही.

पण त्या निमित्ताने एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आल्प्सच्या पायथ्याशी जर्मनीत नॉयश्वानश्टाइन नावाचा जो किल्ला सगळ्या कॅलेंडरांवर असतो, तो जुना नाहीच. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग ह्याने तो १८६९ साली बांधायला घेतला. लढाईसाठी नव्हे, स्वतःच्या स्वप्नासाठी. १८८६ साली राजा वारला आणि त्याच वर्षी तो तिकीट लावून लोकांना खुला झाला. डोंगरांचेही तसेच. आल्प्स हे दोन भूखंड एकमेकांवर रेटल्याने जमिनीला घड्या पडून वर आले. आपला सह्याद्री मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा आहे. म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि म्हणूनच त्या एकजिनसी काळ्या दगडात छिन्नीने खोली, खांब आणि पाण्याचे टाके कोरता आले. किल्ला, डोंगर आणि लेणी एका जागी पाहायची तर जुन्नरसारखी दुसरी जागा आमच्या पैशांत बसणारी नव्हती. आमची भिशी सहा हजारांची आहे.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. लेण्याद्रीला आहेत, मनमोडीला आहेत, तुळजा टेकडीला आहेत आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यांतही आहेत. एवढी एका गावाभोवती का, ह्याचे उत्तर आपल्या कल्याणात आहे. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची बंदरे. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव आहे. बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून मुरबाडच्या अंगाने डोंगरापर्यंत यायचा, नाणेघाट चढायचा, जुन्नरला मुक्काम करायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. व्यापारी, कारागीर, प्रवासी ह्यांच्या त्या रस्त्यावर भिक्षूंचे वर्षावास झाले आणि दानाने लेणी कोरली गेली. आम्ही जी एस.टी. पकडणार तिचा रस्ता डोंगराच्या पायथ्यापर्यंत ह्याच वाटेचा आहे.

आता दान कोणी केले ते ऐका. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे तिथल्या मुख्य चैत्यगृहात, दाराच्या वरच्या अंगाला ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. त्या ओळीचा अर्थ असा, की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा, सोनार म्हणा. आमच्या शेजारच्या कल्याणातला माणूस! आंबिवलीहून लोकलने दुसरे स्टेशन. आम्ही तीस वर्षे त्या स्टेशनावर गाड्या बदलतो आहोत आणि हे नाव आम्हाला शाळेत कोणी सांगितले नाही.

आणि दान करणारे सगळेच सावकार नव्हते. जुन्नरच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीचे नाव आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचेही आहे. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत धंद्यातल्या लोकांची सोसायटी. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बांबूवाल्यांकडे आणि कासारांकडे दानाची रक्कम ठेवलेली असे आणि तिचे व्याज महिन्याच्या महिन्याला संघाला जाई. यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे लोकही ह्या यादीत आहेत. चिट नावाच्या यवनाने शिवनेरीवर संघासाठी भोजनमंडप दिला, इरिल नावाच्याने पाण्याची टाकी दिली, चंद नावाच्याने मनमोडीवर चैत्याचा दर्शनी भाग दिला. लछिनिका आणि नाडबालिका ह्या दोन बायकांनी मिळून एक पाण्याचे टाके दिले आहे. त्यांच्या नवऱ्यांची नावे ओळखीपुरती आहेत, दान त्या दोघींचे.

हे टाके आम्हाला फार वेळ डोळ्यासमोर राहिले. त्याचे कारण वाचकांना सांगायला नको, तरी सांगतो, कारण नव्या मुलांना सगळ्यांनाच ठाऊक नसते. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले. अशीच सहल होती ती. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले लहानसे टाके होते, त्यावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की ह्यांनी टाके बाटवले. जमाव जमला. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच ठरतो, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या त्यांच्या आठवणींत तो आहे. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो पाण्याला कुठेही हात लावायचा नाही ह्या अटीवर, बरोबर हत्यारी शिपाई देऊन. महाडच्या चवदार तळ्याला तेव्हा सात वर्षे झाली होती.

हे सगळे जुने झाले, असे म्हणून आम्ही लॉजला फोन करायला बसलो. पहिल्या ठिकाणी लेकीने नाव सांगितले, पलीकडून आडनाव विचारले, मग गाव कोणते, मग "तुम्ही कोणापैकी?" आणि मग खोली नाही. खोली खरोखरच भरलेली असेल, नसेलही. फोनवर कोणाचा चेहरा दिसत नाही. लेकीचे बाबा म्हणाले, राहू द्या, विहाराच्या बसबरोबर जा. लेक काही बोलली नाही. तिने दुसरा नंबर फिरवला, तिथे फक्त माणसे किती आणि कधी येणार एवढेच विचारले, आणि आधार कार्ड बरोबर आणा म्हणून सांगितले. खोली पक्की झाली. पहिल्या ठिकाणाचे नाव आम्ही इथे छापत नाही, पण भगिनींनो, घरून निघण्याआधीच खोली पक्की करून घ्या. संध्याकाळी अनोळखी गावात दोघी बायका पिशव्या घेऊन दारोदार विचारत फिरत आहेत, ही पाळी येऊ देऊ नका. आणि दोघींच्या खोलीला आतून कडी नीट लागते का, हे पिशवी ठेवण्याआधी पाहा.

आता वाटेचे. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, मग माळशेज घाट, वर पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी, आणि पुढे गणेश खिंडीतून जुन्नर. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. घाट धरून चार तास हाताशी ठेवावेत. जीप ठरवायची की एस.टी. ह्यावर आमच्या घरी दोन रात्री चर्चा झाली. जीपला हवे तिथे थांबता येते, हे लेकीचे म्हणणे. पण २०२३ च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, आणि दोघींचे मिळून एक तिकीट म्हटल्यावर आमचा कौल एस.टी.ला गेला. उरलेले पैसे तिसऱ्या दिवशी जुन्नरातून जीप करायला लागणारच आहेत. गाडी कल्याणात नेमकी कुठून सुटते आणि थेट जुन्नरची मिळते की बदलावी लागते, हे आदल्या दिवशी आगारात जाऊन विचारून घ्यावे. खिडकीची जागा लेकीला नव्हे, आईला द्यावी. लेकीला पुढे पुष्कळ खिडक्या मिळतील.

पावसाळ्यात माळशेजचे धबधबे पाहायला झुंडी जातात. आमचे मत विचाराल तर दोघींनी त्या दिवसांत जाऊ नये. दरड कोसळून घाट बंद पडतो, रस्त्यावर दारू पिऊन नाचणारे असतात आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पहाटे थंडी चांगलीच असते, शाल लागतेच. उन्हाळ्यात तो काळा दगड तव्यासारखा तापतो.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून लेण्याद्री. गावापासून पाचेक किलोमीटर, वर जायला दगडी पायऱ्या आहेत, तीनशेच्या आसपास. आमचा उजवा गुडघा दुखतो, तेव्हा दर पन्नास पायऱ्यांना बसायचे असे ठरले आहे. घाई कोणाला आहे? सातव्या लेण्यात गणपतीचे देऊळ आहे, अष्टविनायकांपैकी एक, त्यामुळे गर्दीचा ओघ तिकडे असतो. ते लेणे मुळात भिक्षूंचा मोठा विहार. मधल्या सभागृहाला एकही खांब नाही आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. बहुतेक लोक दर्शन घेऊन खाली उतरतात आणि शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावतही नाहीत. ते आपल्या फायद्याचेच म्हणायचे, तिथे शांतपणे बसता येते. चतुर्थी आणि रविवार मात्र टाळावा.

सहाव्या लेण्यात शिरल्यावर आपल्या आयाबाया एक प्रश्न हमखास विचारतात : "मूर्ती कुठं आहे?" मूर्ती नाही. हे चैत्यगृह अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. त्या काळी ह्या भागातील लेण्यांत बुद्धाची मूर्ती करीत नसत, वंदना स्तूपाला असे. आठ कोनी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली जनावरे, वर लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी आणि टोकाला स्तूप. दगडात वासे कशाला, असे लेकीने पुस्तक वाचताना विचारले. आधी अशी घरे लाकडाची बांधीत आणि दगडात कोरतानाही कारागिराचा हात त्याच वळणाने गेला, असे जाणकार सांगतात. बॅटरी बरोबर ठेवा. आणि कड्यांवर मधमाश्यांची मोहळे असतात, तेव्हा अत्तर नको, अगरबत्तीचा धूर नको, आरडाओरडा नको. फुले वाहायची असतील तर वाहा, मेणबत्ती लावू नका. दगड काळा होतो.

दुसरा दिवस शिवनेरीचा. सकाळी लवकर निघून सात दरवाजे ओलांडत वर. वाट बांधलेली आहे, तासाभराची चढण, आमच्या गुडघ्याला दीड तास. मध्ये शिवाई देवीचे देऊळ, वर धान्याचा अंबरखाना, गंगा-जमुना ही टाकी, बदामी तलाव, आणि १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज जन्मले ती इमारत. शिवकुंजात जिजाऊ आणि बालशिवाजी ह्यांचा पुतळा आहे. आई आणि मूल अशा जोडीने तिथे उभे राहून फोटो काढायचा, हे लेकीने आधीच ठरवून ठेवले आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत शिवनेरी आहे. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. शिवजयंतीच्या सुमारास मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसते. कड्यांतली लेणी पाहायची तर माहीतगार माणूस घ्यावा, दोघींनी आपणहून आडवाटेला शिरू नये. साखळीची म्हणून जी वाट सांगतात ती तर आपल्यासाठी नाहीच.

दुपारी अंगात बळ उरले तर तुळजा लेणी. तिथले एक चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे खांब, वर घुमट. महाराष्ट्रात असे गोल चैत्यगृह विरळाच. मनमोडीही गावाजवळ आहे, आणि तिथे नहपान ह्या क्षत्रपाचा अमात्य अयम ह्याच्या दानाचा लेख आहे. पण आम्ही एकच पाहायचे ठरवले आहे. एका दिवसात तीन डोंगर पाहणारी माणसे संध्याकाळी एकमेकांशी भांडतात, हा आमचा अनुभव.

तिसऱ्या दिवसावर मात्र आमचे एकमत व्हायला वेळ लागला. नाणेघाटाला जुन्नरहून घाटघरमार्गे जीप जाते, साधारण तीस किलोमीटर. लेकीचे म्हणणे, जीपने वर जाऊ आणि जुन्या बैलांच्या वाटेने पायी खाली उतरू. खाली वैशाखऱ्याजवळ मुरबाडचाच रस्ता लागतो, तिथून एस.टी. धरली की थेट कल्याण. व्यापारी आले त्याच वाटेने घरी! कल्पना आम्हालाही आवडली. पण ती उतरण दोन-तीन तासांची आहे, आणि चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला जास्त वाईट, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावले आहे. शेवटी ठरले, की जीपनेच जायचे आणि जीपनेच परत यायचे, आणि ती उतरण लेकीने कधीतरी मैत्रिणींबरोबर करायची.

घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकात टाकीत असत असे लोक सांगतात. खाली थोडे उतरले की ती प्रसिद्ध गुहा. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लांबलचक लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाण्यांची यादी आहे. आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. ती यादी लिहिताना जे आकडे कोरले, ते ह्या देशातल्या जुन्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी आहेत. दुसरी गोष्ट, नवरा गेल्यावर ह्या बाईने मुलगा लहान असताना राज्य सांभाळले, असे अभ्यासकांचे मत आहे. तिथे राजाराणीचे आणि मुलांचे पुतळे होते. आता नुसती पावले उरली आहेत, वर नावे कोरलेली. तिच्या बापाचेही नाव आहे त्यांत.

परतीची एस.टी. दुपारीच धरायची, माळशेज उजेडात उतरायचा. घरी तीन दिवसांची कणीक मळून ठेवणार का, असे सासूबाईंनी विचारले होते. आम्ही नाही म्हटले. लेकीच्या बाबांना वरणभात येतो, धाकट्याला अंडी येतात. आम्ही आमच्यासाठी मात्र पहिल्या दिवसाच्या बारा चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुकटीची डबी नेणार आहोत. सुकटीला लेकीची हरकत आहे, एस.टी.त वास येतो म्हणून. डबी घट्ट झाकणाची घ्यायची, एवढ्यावर तिने ऐकले आहे.